कपाशीवरील फवारणी

तेरावा भाग होता. हे आधी लिहून टाकतो, कारण माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि मला मुद्द्यावर यायला फार वेळ लागतो, असं आमची ही नेहमी म्हणायची. टीव्हीवरच्या घड्याळजीच्या मालिकेचे भाग बारा नव्हते, तेरा होते. तेरावा भाग अंबरनाथ पूर्वेला आमच्या भाऊंच्या कपाटात होता. वीस वर्षं आख्ख्या बिल्डिंगने त्या माणसाला थापाड्या ठरवलं. ते थापाडे नव्हते. भाग पुसला गेला होता आणि पुसणारा मी होतो.

भाऊंचं खरं नाव लिहीत नाही. मालिकेच्या शेवटी जी नावं सरकतात त्यांतली निम्मी चुकीची असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या हातून त्यांच्या बाबतीत एक चूक झालेली आहे, दुसरी नको.

भाऊ मोरिवलीच्या एका कारखान्यात वायरमन होते, मी तिथेच स्टोअरमध्ये. राहायला दारासमोर दार. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. "अहो शेजारी" म्हणायचे, तेही असं, की जणू शेजारी हा हुद्दा आहे आणि मी तो नीट सांभाळत नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही, असं माझ्या बायकोने एकदा तोंडावरच विचारलं.

"वहिनी, एकदा गेलो होतो बदलापूरला मुलगी बघायला. त्यांच्याकडे टीव्ही चालू होता."

"मग?"

"मग काय, टीव्ही बघितला. मुलगी पोहे ठेवून कधी आत गेली, कळलंच नाही."

त्या काळात टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि लोक ती बघून विसरून जायचे. भाऊ ती साठवायचे. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठचं दुकान होतं, तिथून त्यांनी व्हीसीआर आणला. शेठ म्हणाले होते, "साईं, आतला माल जपानी आहे, बाहेरचा डब्बा आपला. डब्ब्यावर जाऊ नका." भाऊ डब्ब्यावर गेले नाहीत. त्यांनी त्यावर भरतकाम केलेला रुमाल घातला आणि पुढची सगळी वर्षं त्या यंत्राला अंगावर ऊन पडू दिलं नाही. स्वतः मात्र उन्हाळाभर पत्र्याच्या गॅलरीत झोपत.

रेकॉर्डिंग चालू असताना त्यांच्या घरात कोणी चालायचं नाही असा नियम होता. जमीन हलली की चित्र हलतं म्हणे. आम्ही पाय वर घेऊन खुर्चीत बसायचो, पूर आल्यासारखे. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला की पडद्यावर आडव्या रेघा यायच्या. भाऊ लगेच केरसुणीच्या दांड्याने छत ठोकायचे. वरच्या वहिनी शेवटी आधीच खाली येऊन विचारायला लागल्या.

"भाऊ, इडलीचं वाटायचंय. मालिकेच्या आधी वाटू का नंतर?"

"नंतर. पण नंतर बातम्या आहेत. त्यांच्यानंतर."

"म्हणजे इडल्या आम्ही परवा खायच्या?"

"ढोकळा करा. त्याला पीठ विकत मिळतं."

स्कूटर गेली तरी रेघा यायच्या. म्हणून आमच्या गल्लीत संध्याकाळी आठ ते नऊ स्कूटर ढकलत नेण्याची पद्धत पडली. नवीन आलेला भाडेकरू विचारायचा, "पेट्रोल संपलं का सगळ्यांचं?" त्याला सांगावं लागायचं, नाही, भाऊ रेकॉर्डिंग करतायत.

त्यांच्या संग्रहात काय नव्हतं! बातम्या वाचताना एका निवेदिकेला शिंक आली होती, ती शिंक होती. एका मंत्र्यांच्या भाषणात मागून चालत गेलेली मांजर होती. आणि मुकुटमणी म्हणजे व्यत्ययाची पाटी. कार्यक्रम मध्येच बंद पडला की पडद्यावर क्षमा मागणारी एक पाटी यायची आणि मागे बासरी वाजायची. ती पाटी भाऊंकडे सलग अकरा मिनिटं होती. नवा पाहुणा आला की चहाबरोबर त्याला ती पूर्ण दाखवली जायची.

"पुढे काय होतं?" पाहुणा तीनेक मिनिटांनी विचारायचा.

"होतं काही नाही. पण आठव्या मिनिटाला बासरीवाला श्वास घेतो, तो ऐका."

माझ्या मेव्हण्याला त्यांनी ही पाटी दोनदा दाखवली. त्यानंतर तो आमच्याकडे आला की चपला हातात घेऊन जिना चढायचा.

"हे कशासाठी ठेवायचं, भाऊ?" मी एकदा विचारलं.

ते फारसं चिडायचे नाहीत, पण त्या दिवशी चिडले. "मग काय ठेवायचं ते कोण ठरवणार? तुम्ही? टेप महाग म्हणून एकदा दाखवलं की पुसतात आणि त्याच टेपवर पुढचं घेतात. पुसायला अक्कल लागत नाही, शेजारी. कोणीही पुसतं."

हे वाक्य ते वरचेवर म्हणायचे. पुढे पुढे ते मला उद्देशूनच आहे असं मला वाटायचं, पण ते नंतर.

आता त्यांची युक्ती सांगतो, कारण सगळं तिच्यावरच फिरलं.

लोक कॅसेट मागायला यायचे. मागितलेली कॅसेट परत येत नसे, किंवा तिच्यावर कोणाची तरी मुंज येत असे. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. भाऊ प्रत्येक कॅसेटची पट्टी मोडायचे, कट्ट्याला बसून शेंगा सोलाव्यात तशी. पण पट्टी मोडल्यावर जी खाच राहते तिच्यावर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. म्हणून जी कॅसेट सर्वांत मौल्यवान, तिच्यावर ते असं लेबल लावायचे की कोणी ढुंकून बघू नये. "उसावरील मावा". "दुधी भोपळ्याचे पाच प्रकार". "अल्पबचतीचे महत्त्व, भाग २". एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. उघडून बघणाऱ्याचीही खात्री पटावी म्हणून पहिली दोन मिनिटं ते खरोखरच ऊस किंवा भोपळा घालायचे आणि मग मूळ माल सुरू करायचे.

लेबलांची ही युक्ती त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. मलाही नाही.

मी त्यांचा मदतनीस होतो. त्यांची दिवसपाळी असली की माझी संध्याकाळची असायची, त्यामुळे दुपारच्या कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे. किल्ली माझ्याकडे, कोरी कॅसेट टेबलावर काढून ठेवलेली, शेजारी चिठ्ठी: काय, किती वाजता, कुठलं बटण.

एका नवरात्रात आमच्या हिच्या महिला मंडळाचा भोंडला टीव्हीवर दाखवणार होते. हिने त्यासाठी हिरवी नऊवारी घेतली होती. "रेकॉर्ड करा हं," असं ती मला आठ दिवस सांगत होती, "दिवाळीला माहेरची येतील, त्यांना दाखवायचंय." भाऊंनीही उदारपणे एक कोरी कॅसेट काढून दिली होती. आणि आदल्या दुपारी मी त्या कोऱ्या कॅसेटवर कुस्त्या घेतल्या. का घेतल्या, मला आजही सांगता येत नाही. कुस्त्या चालू होत्या, कॅसेट समोर होती, भाऊ घरी नव्हते. तेवढ्या एका दुपारी आपणही संग्राहक आहोत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भोंडल्याला दहा मिनिटं राहिली आणि मी कॅसेटची पट्टी बघतो तर मोडलेली. रात्री भाऊंनी कुस्त्या पाहिल्या होत्या, त्यांना आवडल्या होत्या, आणि सवयीने त्यांनी पट्टी मोडून कॅसेट कपाटात लावायला काढली होती. नवीन कोरी ठेवायची राहिली. हिची हिरवी नऊवारी डोळ्यांपुढे आली. कुस्त्यांवरच घ्यावं तर त्या भाऊंना आवडलेल्या, पुसल्याचं लगेच कळलं असतं. कपाटात हात घातला आणि त्यातल्या त्यात ज्याच्यावाचून जगाचं काही अडणार नाही असं काहीतरी शोधलं.

"कपाशीवरील फवारणी".

लावून पाहिलं. खरंच कपाशी होती. एक शेतकरी नाकाला फडकं बांधून फवारत होता. मी टेप गुंडाळून सुरुवातीला आणली, खाचेवर चिकटपट्टी लावली आणि भोंडला घेतला. पट्टी मोडलेली आहे म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं. कपाशीची असली तरी ती भाऊंनी ठेवलेली होती. माझा गुन्हा तिथे सुरू होतो; त्याखाली काय निघालं ही पुढची गोष्ट.

कार्यक्रम संपला तसं बटण दाबलं, कॅसेट जागेवर ठेवली. हिला सांगितलं, लाइट गेली, रेकॉर्डिंग आलंच नाही. खरं सांगावं तर हिच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि कपाशी पुसली म्हणून भाऊ माझी किल्ली काढून घेतील याची मला भीती होती. ही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लाइट आपल्याकडे तर होती. मी इथे बघितला ना पूर्ण." मी म्हटलं, त्यांचा फेज वेगळा आहे.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कॅसेटी जाऊन सीडी-डीव्हीडीच्या तबकड्या आल्या आणि एका कंपनीने जुन्या मालिका खोक्यांत घालून विकायला काढल्या. बाकीच्यांना वाटलं, चला, भाऊंचं काम संपलं. भाऊंचं काम तिथे सुरू झालं.

प्रत्येक खोकं ते विकत घ्यायचे आणि पडद्यासमोर फूटपट्टी घेऊन बसायचे. जुनं चित्र चौकोनी, नवे पडदे रुंद, म्हणून कंपनीने चित्र वरून-खालून कापलं होतं. "घड्याळजीच्या डोक्यावर भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं. ते गेलं! घड्याळजीच्या मालिकेतलं घड्याळ कापलं, शेजारी!" सुरुवातीची सनई काढून कसलंसं टिंगटिंग घातलं होतं. चित्र उजळवण्याच्या नादात घड्याळजीच्या विधवा बहिणीचं पांढरं लुगडं गुलाबी झालं होतं. "आता तिच्या दुःखावर कोण विश्वास ठेवेल?" भाऊ म्हणाले.

पण सर्वांत मोठं दुखणं खोक्यावरच छापलेलं होतं. सोनेरी अक्षरांत: "संपूर्ण मालिका, बारा भाग".

ती मालिका मीही बघायचो. एका गावातल्या घड्याळजीकडे कोणीतरी एक टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला टाकून गेलेलं असतं आणि घ्यायला येतच नाही. भागागणिक गिऱ्हाइकं येतात-जातात, ते घड्याळ फळीवर तसंच. बाराव्या भागात दुकान विकायला निघतं आणि तिथेच मालिका संपते. घड्याळ कोणाचं ते कळत नाही. लोकांना वाटलं, असेल, असंच असेल. भाऊ म्हणायचे, नाही, तेरावा भाग आहे, तो पुढे कधीतरी न सांगता एका दुपारी दाखवला, लोक कामावर होते, मी घेतलाय. त्यात माणूस येतो.

कंपनीला त्यांनी पत्रं लिहिली. मुद्दे क्रमांक घालून, फूटपट्टीच्या मापांसकट. उत्तर यायचं: आपल्या मौलिक सूचनांबद्दल आभार, सोबत आमच्या नव्या संचांची यादी. ही उत्तरं भाऊंनी एका फायलीत लावली होती. फायलीवर लिहिलं होतं, "विनोदी".

आणि एके दिवशी कंपनीचा माणूस खरंच आला.

भाऊंनी रविवारची वेळ दिली होती. बिल्डिंगमधले सगळे बोलावले. सतरंज्या घातल्या, पेढे आणले, रुमाल बदलला. वरच्या वहिनींनी आपण होऊन मिक्सरची वायर काढून हातात आणली आणि भाऊंना दाखवली. कंपनीचा माणूस टाय लावलेला, हसतमुख होता. "काका, घड्याळात आकडे बाराच असतात हो," म्हणाला. सगळे हसले. भाऊही हसले. त्या दिवशी त्यांना हसणं परवडत होतं.

ते कपाटापाशी गेले, आमच्याकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली युक्ती जाहीर केली. ऊस, भोपळा, अल्पबचत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी हात घालून एक कॅसेट काढली आणि वर धरली.

"कपाशीवरील फवारणी!"

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. लेबल मी लगेच ओळखलं.

"पहिली दोन मिनिटं कपाशी आहे. घाई करू नका," भाऊ म्हणाले आणि बटण दाबलं. पडद्यावर कपाशी आली नाही. केसांत गजरा माळलेली निवेदिका आली आणि हस्त नक्षत्र, पाटावर काढलेला हत्ती वगैरे सांगू लागली. लोक एकमेकांकडे बघू लागले. भाऊ फक्त पडद्याकडे बघत होते. मला माहीत होतं, आणखी मिनिटभरात फेर सुरू होईल आणि हिरव्या नऊवारीत आमची ही येईल. ती माझ्या शेजारीच बसली होती, पेढा खात.

"बंद करा हो," मी म्हटलं. "कशाला अजून शोभा!" आणि पुढे जाऊन मीच बटण दाबलं.

कंपनीचा माणूस चांगला होता. "सापडला की कळवा, काका," म्हणाला आणि स्टेशनकडे गेला. जाताना पेढा घेऊन गेला. त्या दिवसापासून भाऊंना चिडवणं सुरू झालं. "काय भाऊ, तेरावं कधी?" जिन्यात, कट्ट्यावर, भाजीवाल्याकडे. जी पोरं लहानपणी स्कूटर ढकलायची तीसुद्धा म्हणायची. आणि भाऊ दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "होता."

पाच-सहा दिवसांनी ते माझ्या दारात आले. "मी विचार केला. मागच्या पावसाळ्यात बुरशी धरली म्हणून शेठकडे कॅसेटी साफ करायला टाकल्या होत्या. तिथेच काहीतरी घोळ झाला. त्याच्याकडच्या कोणीतरी वरून दुसरं घेतलं. मला तर ती कॅसेट पुन्हा लावून बघवत नाही. असंच असेल ना?"

मी म्हटलं, "असेल."

आयुष्यात खोटं बरंच बोललो असेन, स्टोअरमध्ये होतो. पण एवढं छोटं आणि एवढं टिकाऊ दुसरं कुठलं नसेल. भाऊ कॅम्प पाचला जायचे बंद झाले. शेठ एकदा स्वतः रिक्षाने आले, हातात मिठाईचा पुडा. भाऊंनी दार अर्धंच उघडलं. मला जिन्यात गाठून शेठ म्हणाले, "मेरे दुकान में लोग शादी का कॅसेट विश्वासाने ठेवतात. मी कशाला पुसू? तुम्ही सांगा ना त्यांना!" मी म्हटलं, सांगतो.

पुढे मी मुलाकडे बदलापूरला राहायला गेलो. ही पाच वर्षांपूर्वी गेली. आपला भोंडला तिने पुन्हा पाहिला नाही. भाऊंशी फोन होता. ते सांगायचे, कंपनीने आता मालिका इंटरनेटवर टाकली आहे, तिथेही बाराच भाग, आणि खाली कोणीतरी लिहिलंय की तेराव्या भागाची अफवा अंबरनाथमधल्या एका म्हाताऱ्याने उठवली. "निदान गावाचं नाव बरोबर लिहिलंय," भाऊ म्हणाले.

गेल्या वर्षी बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं ठरलं. भाऊंनी बोलावलं, "भाड्याच्या खोलीत सगळं मावणार नाही. टाकायचं काढायला या." मी गेलो. साडेआठशे कॅसेटी, तीन दिवस त्यांनी एकेक हातात घेतलेली. दाराजवळ भंगाराची पिशवी होती. आत एकच कॅसेट.

"एवढीच?" मी विचारलं.

"एवढीच खोटी निघाली," भाऊ म्हणाले. "बाकीच्या आहेत तशा आहेत."

कपाशीवरील फवारणी. खाचेवर माझी चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली. मी पिशवीशेजारी जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. कुस्त्या, नऊवारी, फेज, बटण आणि ते "असेल". भाऊंचं वय ब्याऐंशी. मला वाटलं, हा माणूस आता मला हाकलेल किंवा त्याला काहीतरी होईल. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले,

"भोंडला किती मिनिटं घेतलात?"

"भाऊ, मला माफ..."

"किती मिनिटं?"

"वीस. कार्यक्रम वीस मिनिटांचा होता."

"संपल्यावर यंत्र तसंच चालू ठेवलंत?"

"नाही हो. घाबरलो होतो, लगेच बंद केलं."

"सुरुवातीपासून घेतलंत ना? कपाशी दोन मिनिटं. भाग बावीस. झाली चोवीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग वीस ते चोवीसमध्ये काय आहे, शेजारी?"

मला आधी कळेना. शेवटची चार मिनिटं मी पुसलीच नव्हती. त्या रविवारी बटण दाबलं नसतं तर हिचा भोंडला संपून सगळ्या बिल्डिंगसमोर ती चार मिनिटं आपोआप लागली असती. आणि बटण दाबायला धावत गेलेला मीच.

भाऊंचा व्हीसीआर केव्हाच मेला होता. चालू यंत्र आता एकाच ठिकाणी असणार होतं. आम्ही रिक्षा केली. वाटेत ते एकच वाक्य बोलले: "शेठचा माणूस. वीस वर्षं मी शेठच्या माणसाला शिव्या घातल्या."

दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, पण मागच्या बाजूला शेठ होते, आणि लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून द्यायला ठेवलेलं एक यंत्रही होतं. भाऊ उंबऱ्यात उभे राहिले. "कॅसेट ह्याने पुसली," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पण वीस वर्षं मी आलो नाही, ते माझं."

शेठ मला म्हणाले, "मी बोललो होतो ना, सांगा त्यांना. तुम्ही सांगतो बोलले होते."

"आज सांगितलं," मी म्हटलं.

"बीस साल! इतने में तो गधा भी घर पोहोचतो." मग भाऊंकडे वळून, "बसा साईं. चाय पिणार की पहिले मशीन?"

"मशीन."

शेठने कॅसेट लावली आणि पुढे पळवायला बटणाकडे बोट नेलं. भाऊंनी त्यांचा हात धरला. "पळवायचं नाही. आहे तसं बघायचं."

म्हणून वीस मिनिटं आम्ही तिघं म्हातारे कॅम्प पाचमध्ये मोबाइलच्या कव्हरांखाली बसून भोंडला बघत होतो. निवेदिका, हत्ती, मग फेर. ही तिसऱ्या मिनिटाला आली. टीव्हीवाल्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून. ही सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती आणि दर फेरीला पदर सारखा करत होती. चाळिशीची. मला पडदा नीट दिसेनासा झाला.

"वहिनींनी कॅमेऱ्यात बघितलंय," भाऊ हळूच म्हणाले. "दुर्मीळ आहे."

खिरापत ओळखायची झाली. पडदा थरथरला, रेघा आल्या, आणि घड्याळजीचं दुकान उघडलं. डोक्यावरच्या घड्याळासकट, बहिणीच्या पांढऱ्या लुगड्यासकट. दारात एक माणूस उभा होता. घड्याळजी फळीवरून ते टेबलावरचं घड्याळ काढतो, धोतराच्या सोग्याने पुसतो आणि त्याच्यापुढे ठेवतो. "दुरुस्त होत नाही ते," म्हणतो. "मग ठेवलंत कशाला इतकी वर्षं?" माणूस विचारतो. "तुम्ही याल म्हणून." माणूस ते छातीशी धरून जातो. घड्याळजी फळीवरची धूळ नसलेली चौकोनी जागा बघत बसतो. सनई. नावं सरकतात. मी मोजली, त्यात दोन चुकीची लिहिलेली होती.

भाऊंनी त्यातलं काहीच पाहिलं नाही असं मला वाटतं. ते माझ्याकडे आणि शेठकडे बघत होते, आम्ही बघतोय ना, हे बघत.

कंपनीला प्रत गेली आहे. उत्तर आलं, पडताळणी चालू आहे. भाऊ माघात गेले, तेव्हाही चालू होती. ते उत्तर मी विनोदी फायलीत लावलं. म्हणूनच हे लिहून ठेवतोय: भाग तेरा आहेत, शेवटी माणूस येतो, आणि हे भाऊ पहिल्यापासून सांगत होते.

त्या दिवशी शेठ म्हणाले होते, "भोंडला काट देता हूं, कंपनीला चार मिनिट पाठवू."

"काही काटायचं नाही," भाऊ म्हणाले. त्यांनी कॅसेट बाहेर काढून मांडीवर घेतली आणि खाचेवरची माझी चिकटपट्टी नखाने उकरायला लागले. जुनी, चिकटून बसलेली. बराच वेळ लागला. निघाली तेव्हा तिची गोळी करून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. भोंडला आणि घड्याळजी, दोन्ही आता कोणाला पुसता येणार नव्हते.

"लेबल तरी बदला आता," मी म्हटलं. "खरं नाव लिहा."

भाऊंनी कॅसेट खिशात घालायचा प्रयत्न केला, ती मावेना, तेव्हा छातीशी धरली.

"नको. कपाशीच राहू दे," म्हणाले. "तुम्ही अजून आहात ना."